कटिंगसाठीचे माध्यम निर्जंतुक करताना: काय तापवावे, किती तापवावे आणि नंतर कसे जपावे

कटिंग, म्हणजे नवे रोप करण्यासाठी कापलेली फांदी, लावल्यानंतर आठ-दहा दिवसांत देठ बुडाशी काळा पडतो, बोटाने दाबल्यास मऊ लागतो आणि ओढताच सालीसकट हातात येतो. अशा वेळी बहुतेक जण पाणी जास्त झाले असे मानून पुढच्या खेपेला पाणी कमी करतात. पाणी हे कारण असतेही, पण पुष्कळदा कूज आणणारी बुरशी माध्यमात, म्हणजे कटिंग ज्या मिश्रणात लावतो त्यात, आधीपासूनच असते आणि जादा पाण्याने तिला फक्त वाव मिळतो. हे लक्षात आल्यावर माध्यम तापवायला सुरुवात होते आणि तिथून चुकांची दुसरी मालिका सुरू होते: कोरडेच तापवणे, नको तितके तापवणे, ज्याला गरज नाही तेही तापवणे, आणि एवढे करून झाल्यावर ते जुन्याच मातकट घमेल्यात ओतणे. यांतली शेवटची चूक सर्वांत घातक असते, म्हणून या लेखात तापवण्याइतकीच जागा तापवण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामांना दिली आहे.

आधी तापमानाचा हिशेब

आपण ज्याला सरसकट निर्जंतुकीकरण म्हणतो, ते बहुतेक वेळा पाश्चरीकरण, म्हणजे सर्व जीव न मारता फक्त अपायकारक जीव मारण्यापुरते तापवणे, असते आणि कटिंगसाठी तेवढेच हवे असते. ओलसर माध्यम अर्धा तास एका ठरावीक तापमानावर ठेवले, तर पिथियम आणि फायटॉप्थोरा यांसारख्या पाण्यातून पसरणाऱ्या बुरशीसदृश रोगकारकांचा आणि सूत्रकृमींचा (मुळांवर जगणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींचा) नाश ५० अंश सेल्सिअसच्या आसपास होतो. रोग आणणाऱ्या बहुतेक बुरश्या आणि जिवाणू ६० ते ७० अंशांपर्यंत संपतात, किडे व त्यांच्या अळ्याही याच पट्ट्यात मरतात, आणि बहुतेक तणांचे बी ७० ते ८० अंशांदरम्यान निकामी होते. म्हणून घरगुती कामासाठी माध्यमाच्या मधोमध ८२ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटे हे लक्ष्य ठेवावे.

याहून जास्त तापवले तर अधिक चांगले, हा समज सोडावा. साधारण ९३ अंशांच्या वर गेल्यावर, विशेषतः माती किंवा कंपोस्ट असलेल्या मिश्रणात, सेंद्रिय पदार्थ मोडून अमोनियम साचते आणि मँगनीजसारखी द्रव्ये अपायकारक प्रमाणात मोकळी होतात. कोवळ्या मुळांची टोके त्याने करपतात. अमोनियमचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणूही उष्णतेने गेलेले असतात, त्यामुळे ते अमोनियम लवकर कमीही होत नाही.

टप्पा १: तापवायचे काय, ते ठरवावे

सर्व घटक एकत्र करून मग तापवण्याची पद्धत सोयीची वाटते, पण ती बरोबर नाही, कारण प्रत्येक घटकाची गरज वेगळी असते.

परलाइट आणि व्हर्मिक्युलाइट हे खनिज कारखान्यात कित्येक शे अंशांवर फुलवलेले असतात. त्यांची पिशवी सीलबंद असेल तर त्यांना पुन्हा उष्णता देण्याचे काहीच कारण नाही. पिशवी उघडी पडून महिने झाले असतील, किंवा परलाइट जुन्या कुंडीतून वेचून घेतलेले असेल, तर मात्र ते नवे समजू नये. धुऊन इतरांसोबत तापवावे.

कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), बागेतील माती, नदीची वाळू, झाडाच्या सालीचे तुकडे, भाताचे तूस आणि पूर्वी वापरलेले कोणतेही मिश्रण यांना उष्णता द्यावी. समुद्राकाठची वाळू मिठामुळे मुळात घेऊच नये. स्फॅग्नम मॉसचा (पाणी धरून ठेवणाऱ्या वाळवलेल्या शेवाळाचा) विचार पुढे वेगळा केला आहे.

गांडूळखत आणि कंपोस्ट तापवल्यास वर सांगितलेला अमोनियमचा त्रास सर्वाधिक होतो. माझ्या मते मुळे फुटेपर्यंत कटिंगला खताची गरजच नसते. म्हणून हे घटक कटिंगच्या माध्यमातून वगळावेत आणि रोप पुढच्या कुंडीत हलवताना द्यावेत.

> सावधान: ज्या मिश्रणात हळूहळू विरघळणाऱ्या लेपयुक्त खताचे गोल दाणे आहेत, ते मिश्रण कधीही तापवू नये. उष्णतेने आतले खत एकदम बाहेर येते आणि माध्यम खारट होते. तयार पॉटिंग मिक्समध्ये असे दाणे बरेचदा असतात; तळहातावर मूठभर मिश्रण पसरून पिवळट किंवा करडे, गुळगुळीत, नखाने दाबता फुटणारे गोळे आहेत का ते पाहावे.

टप्पा २: चाळणे, धुणे आणि ओलावा आणणे

हा टप्पा कंटाळवाणा असल्याने गाळला जातो आणि पुढचे निम्मे अपयश इथूनच येते.

जुन्या मिश्रणातील मुळांचे तुकडे, पाने आणि काड्या चाळून काढाव्यात. मुळाच्या जाड तुकड्याच्या आत उष्णता उशिरा पोहोचते आणि कुजलेल्या मुळात रोगकारक मोठ्या संख्येने असतात. ढेकळे फोडावीत. वाळू भरपूर पाण्यात ढवळून वरचे गढूळ पाणी ओतून द्यावे आणि पाणी जवळजवळ स्वच्छ दिसेपर्यंत हे चालू ठेवावे.

कोकोपीटची वीट पाण्यात फुलवून घ्यावी आणि मग कापडातून किंवा बारीक चाळणीतून दोन-तीन पाण्यांनी धुवावी. नारळाच्या सोडणात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते उष्णतेने जात नाहीत, ते पाण्यानेच जातात. धुणे नेहमी तापवण्याच्या आधी करावे. तापवून झाल्यावर बादलीत बुडवून धुतलेले कोकोपीट मी पाहिले आहे. त्या बादलीच्या कडेला हिरवे शेवाळ होते.

यानंतर माध्यम ओलसर करावे. कोरड्या अवस्थेत बिया आणि बुरशीचे बीजाणू उष्णता बराच वेळ सोसतात. ओलावा मिळून ते जागे होऊ लागले की त्याच उष्णतेत मरतात. शिवाय ओल्या माध्यमात उष्णता वाफेच्या रूपाने आतपर्यंत जाते. शक्य असल्यास जुने मिश्रण किंवा माती ओली करून, झाकून, एक-दोन दिवस तशीच ठेवावी आणि मग तापवावी.

> तपासणी: मूठभर माध्यम घट्ट दाबावे. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे, बोटाने टोचल्यावर तो फुटला पाहिजे आणि दाबताना बोटांमधून पाण्याची धार लागता कामा नये. एखादा थेंब आला तर चालतो. चिखल झाला असेल तर पसरून थोडे सुकू द्यावे, कारण जादा पाणी तापवण्यातच बराच वेळ जातो आणि माध्यमाच्या मधला भाग मागे राहतो.

कोरडे परलाइट, कोकोपीट किंवा पॉटिंग मिक्स हाताळताना उडणारी धूळ श्वासात जाऊ देऊ नये. पॉटिंग मिक्समध्ये लिजिओनेला लाँगबीची हा फुप्फुसाचा आजार करणारा जिवाणू असू शकतो. पिशवी चेहऱ्यापासून दूर धरून उघडावी, मास्क लावावा, मोकळ्या हवेत काम करावे आणि वरून पाणी शिंपडून मगच ढवळावे.

टप्पा ३: कुंड्या, हत्यारे आणि जागा आधीच तयार ठेवावी

माध्यम गार होत असताना कुंड्या घासायला बसणे ही नेहमीची चूक आहे. निर्जंतुक माध्यम ज्या भांड्यात पडणार, ते भांडे चूल पेटवण्याआधी स्वच्छ होऊन वाळत ठेवलेले असावे.

कुंड्या आणि ट्रे आधी साबणाने घासून माती पूर्ण काढावी. माती किंवा शेवाळ उरले तर त्यावरच ब्लीचची शक्ती खर्च होते. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात किमान १० मिनिटे बुडवून, स्वच्छ पाण्याने धुऊन, उपड्या घालून वाळवाव्यात. मातीच्या कुंड्या सच्छिद्र असल्याने त्या जास्त वेळ ठेवाव्यात. द्रावण त्या दिवशीचेच वापरावे. माध्यम भरण्याचा चमचा, मिसळण्याची परात आणि साठवण्याचा डबा यांनाही हेच करावे. कात्री आणि कटर यांना ७० टक्के अल्कोहोलने पुसावे. ब्लीचने पाते गंजते. अल्कोहोल पेट घेते, म्हणून हे काम चुलीजवळ करू नये.

> सावधान: ब्लीच व्हिनेगरमध्ये, कोणत्याही आम्लयुक्त क्लीनरमध्ये किंवा अमोनिया असलेल्या द्रावणात कधीही मिसळू नये. विषारी वायू तयार होतो.

टप्पा ४: उष्णता देणे

कोणतीही पद्धत निवडली तरी लांब सळीचा थर्मामीटर लागतोच. अंदाजाने केलेले तापवणे आणि न तापवणे यांत फारसा फरक नसतो. माझ्या पहिल्या घाण्यात भांड्याच्या कडेला ८८ अंश दिसत होते, वाफाही छान येत होत्या, आणि सळी मधोमध खोल खुपसल्यावर काटा ५४ वर थांबला. तोपर्यंत माझी वीस मिनिटे मोजूनही झाली होती. तेव्हापासून मोजणी मधल्या आकड्यावरूनच सुरू करतो.

वाफेवर. घरच्या कामासाठी ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण माध्यम करपत नाही आणि कोरडे पडत नाही. मोठ्या पातेल्यात तीन-चार सेंटीमीटर पाणी घ्यावे, त्यात पाण्याच्या वर राहील असे जाळीचे स्टँड ठेवावे आणि त्यावर माध्यमाचे पसरट भांडे ठेवावे. थर १० सेंटीमीटरपेक्षा जाड नसावा. झाकणावरून गळणारे पाणी आत पडू नये म्हणून भांड्यावर ॲल्युमिनियम फॉइल सैल लावावे आणि फॉइलमधून सळी मध्यभागी टोचावी. पातेल्याचे झाकण किंचित उघडे ठेवावे, म्हणजे दाब साचत नाही. मधले तापमान ८२ झाल्यावर आच अगदी मंद करावी आणि ३० मिनिटे मोजावीत. आकडा ९० च्या पुढे सरकू लागला तर आच बंद करावी. जाड बुडाचे झाकलेले पातेले बराच वेळ उष्णता धरते आणि आकडा खाली येऊ लागल्यास पुन्हा पेटवता येते. पातेल्यातले पाणी आटत नाही ना, हे अधूनमधून पाहावे.

ओव्हनमध्ये. ओव्हन ९० ते ९५ अंशांवर लावावा. ओलसर माध्यम पसरट ट्रेमध्ये १० सेंटीमीटरपर्यंत भरून फॉइलने घट्ट झाकावे. ओव्हनच्या बटणावरील आकडा हवेचा असतो, माध्यमाचा नव्हे. मधोमध ८२ अंश येईपर्यंतचा वेळ ३० मिनिटांत धरू नये. आकडा ९३ च्या जवळ गेला तर बटण खाली आणावे. या पद्धतीत खमंग नव्हे, चांगलाच उग्र वास येतो आणि तो रेंगाळतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ज्या ओव्हनचे किमान तापमानच १०० अंशांच्या पुढे आहे, तो या कामाला घेऊ नये.

मायक्रोवेव्हमध्ये. किलोभर किंवा त्याहून कमी माध्यमासाठी ही पद्धत ठीक आहे. माध्यम चांगले ओलसर असावे, भांडे मायक्रोवेव्हला चालणारे असावे आणि झाकणाला वाफ जाण्यापुरती फट असावी. किलोमागे पूर्ण शक्तीवर सुमारे ९० सेकंद द्यावीत, बाहेर काढून स्वच्छ चमच्याने ढवळावे, मध्ये व कडेला तापमान पाहावे आणि कमी असल्यास ३०-३० सेकंदांनी वाढवावे. मग झाकून तसेच ठेवावे. मायक्रोवेव्ह जागोजागी असमान तापवतो, म्हणून ढवळणे टाळू नये.

> सावधान: मायक्रोवेव्हमध्ये फॉइल किंवा धातू नको. जुन्या मिश्रणात तारेचा तुकडा राहिला नाही ना, हे चाळतानाच पाहावे. कोरडे कोकोपीट, साल किंवा तूस आत पेट घेऊ शकते. यंत्र चालू असताना समोरून हलू नये.

प्रेशर कुकरविषयी. पूर्ण दाबाला कुकरमध्ये सुमारे १२१ अंश येतात आणि तिथे जिवाणूंचे चिवट बीजाणूही मरतात. प्रयोगशाळेत बाटलीत ऑर्किडचे बी रुजवायचे तर एवढी कडक प्रक्रिया लागते. देठाच्या कटिंगला ती लागत नाही, आणि कोकोपीटचा धागा किंवा तुसाची फोलपटे वाफेच्या नळीत अडकली तर कुकर धोकादायक होतो. म्हणून कुकर वापरायचाच असेल तर शिट्टी न लावता, वरच्या वाफेच्या पद्धतीतील पातेले म्हणूनच वापरावा.

उन्हात. माध्यम खूप असेल आणि ऊन कडक असेल तर ओलसर माध्यमाचा पातळ थर पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन आवरणांखाली, दोन्हींमध्ये हवेची फट ठेवून, पसरावा. थराच्या आत ७० अंश अर्धा तास किंवा ६० अंश एक तास मिळाले तर काम होते. थर्मामीटरने हा आकडा दाखवला नाही, तर कितीही दिवस गेले तरी ते तापलेले माध्यम म्हणून वापरू नये. ढगाळ हवेत हा प्रयत्न करू नये.

स्फॅग्नम मॉस. मोठ्या भांड्यात भरपूर पाणी उकळून, आच बंद करून, मॉस त्यात पूर्ण बुडवावे आणि झाकून गार होऊ द्यावे. कुंडीवर वरून किटलीभर उकळते पाणी ओतण्यापेक्षा हे वेगळे आहे: तिथे थंड माध्यम पाण्याची उष्णता काही क्षणांत खेचून घेते, इथे पाणी जास्त आणि मॉस थोडे असल्याने उष्णता टिकते. मॉस हाताळताना हातमोजे घालावेत, कारण त्यात राहणारी स्पोरोथ्रिक्स ही बुरशी त्वचेवरील जखमेतून शरीरात शिरून चिवट फोड आणते. उकळल्यानंतर पिळतानाही स्वच्छ मोजेच असावेत, उघडे हात नकोत.

टप्पा ५: झाकून गार करणे

सर्वांत जास्त मेहनत वाया जाते ती इथे. गरम माध्यम लवकर गार व्हावे म्हणून लोक ते वर्तमानपत्रावर पसरतात, पंख्याखाली ठेवतात, किंवा इतर कुंड्यांच्या शेजारी उघडे टाकतात. तापवलेल्या माध्यमात स्पर्धक उरलेले नसतात, त्यामुळे जो जीव प्रथम पोहोचेल तो बिनबोभाट पसरतो. पिथियम अशा मोकळ्या माध्यमात न तापवलेल्या मातीपेक्षा वेगाने वाढते. म्हणजे अर्धवट काळजी घेतलेले माध्यम कधी कधी मूळ माध्यमापेक्षा वाईट ठरते.

माध्यम ज्या भांड्यात तापले त्याच भांड्यात, फॉइल न काढता, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. शक्यतो रात्रभर ठेवावे. मातीचा अंश असेल तर वापरण्यापूर्वी आणखी काही दिवस झाकूनच ठेवावे.

> तपासणी: फॉइल उघडताच नाक झोंबणारा अमोनियाचा वास आला, तर ते माध्यम कटिंगला वापरू नये. उकळून गार केलेले पाणी त्यातून भरपूर ओतून निथळू द्यावे आणि वास पूर्ण गेल्यावरच घ्यावे. तरीही शंका असेल तर मोठ्या झाडांच्या कुंड्यांत टाकावे.

टप्पा ६: मिसळणे आणि भरणे

हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत किंवा नवे हातमोजे घालावेत. तयार ठेवलेल्या परातीत तापवलेले कोकोपीट आणि सीलबंद पिशवीतील परलाइट आकारमानाने समसमान घ्यावे. बहुतेक पानांच्या झाडांना हे प्रमाण चालते. रसाळ पानांच्या झाडांना परलाइट किंवा धुतलेली भरड वाळू दुप्पट करावी. लागेल तेवढे पाणी उकळून गार केलेले किंवा थेट नळाचे घ्यावे. उघड्या पिंपात साठवलेले पाणी घेऊ नये, कारण पिथियमचे पोहणारे बीजाणू अशाच पाण्यातून येतात. झारीही धुतलेली असावी.

ट्रायकोडर्मासारखी उपयुक्त बुरशी द्यायची असेल तर ती या टप्प्यावर, माध्यम पूर्ण गार झाल्यावर द्यावी. तापवण्याआधी मिसळलेली ट्रायकोडर्मा इतर बुरश्यांसोबतच मरते, हे उघड असूनही ही चूक वारंवार होते.

उरलेले माध्यम घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून त्यावर तारीख लिहावी. ओले माध्यम महिनोन्महिने ठेवण्यापेक्षा लागेल तेवढेच तापवलेले बरे.

टप्पा ७: कटिंग आणि पुढचे दोन आठवडे

माध्यम कितीही स्वच्छ असले तरी रोग कटिंगसोबतही येतो. निरोगी, ताठ फांदी घ्यावी, मातीला टेकलेला भाग टाळावा, बुडाची पाने काढावीत आणि प्रत्येक झाडानंतर पाते पुसावे. मातृवृक्ष विषाणूग्रस्त असेल तर माध्यम तापवण्याने काहीही साधत नाही. चिकट चीक येणाऱ्या किंवा रसाळ कटिंगचा छेद वाळू द्यावा आणि मगच ती लावावी.

पहिल्या दोन आठवड्यांत पृष्ठभागाकडे लक्ष ठेवावे. कापसासारखा पांढरा तंतू दिसला म्हणून लगेच सर्व फेकू नये. बहुतेकदा ती मृत पदार्थावर जगणारी निरुपद्रवी बुरशी असते, आणि वरचा थर काढून झाकण थोडे उघडल्यावर ती हटते. देठ मातीच्या रेषेवर आक्रसला किंवा पाणचट तपकिरी झाला तर मात्र ती कटिंग भोवतालच्या माध्यमासह उचलून टाकावी. बारीक काळी चिलटे उडू लागली तर पिवळे चिकट कागद लावावेत आणि वरचा थर सुकू द्यावा. त्यांच्या अळ्या कोवळी मुळे खातात.

भरवसा ठेवू नये अशा गोष्टी

हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर फेस येतो आणि काम झाल्यासारखे वाटते, पण सेंद्रिय पदार्थाला लागताच ते विघटित होते आणि आतल्या थरापर्यंत पोहोचत नाही. फ्रीझरमध्ये ठेवल्याने काही किडे मरतात. बुरशीचे बीजाणू गोठूनही जिवंत राहतात. पृष्ठभागावर पूड भुरभुरण्याचे जे नाना उपाय सुचवले जातात, ते फार तर वरच्या थरापुरते असतात. आणि पिशवीवर निर्जंतुक असे छापलेले असले, तरी ते पिशवी बंद असेपर्यंतच खरे असते. पिशवीला भोक असेल किंवा आत हिरवट थर दिसत असेल, तर टप्पा २ पासून सुरुवात करावी.